रविवारच्या वर्गातला नापास

महादेव, काल तुझ्या शोकसभेत मी एकही थाप मारली नाही. ही बातमी जिल्ह्यात पसरली तर लोक म्हणतील, हरसिंगही गेला वाटतं.

वकिलांच्या खोलीत सभा होती. पंखा बंद, खिडक्या उघड्या आणि तुझ्या फोटोपेक्षा हार मोठा. त्या खोलीतल्या माठातलं पाणी ज्यांनी तुला कधी आपल्या हातानं दिलं नाही, ते तिघं ओळीनं उठून म्हणाले, महादेवराव आम्हांला धाकट्या भावासारखे. मी मागं, आम्हा अर्जनवीसांच्या बाकावर. शेवटी कोणीतरी म्हणालं, "हरसिंगले बोलू द्या बाप्पा, शाळेपासूनची दोस्ती हाये त्याईची."

सगळे सरसावून बसले. त्यांना वाटलं, आता वाघाची गोष्ट येणार. राळेगावच्या रस्त्यावर वाघानं तुझी सायकल अडवली, तू त्याला कलम वाचून दाखवलंस आणि वाघ कागदावर पंजाचा ठसा देऊन निमूट रानात गेला, ती. ही गोष्ट मी इतक्यांदा सांगितली होती की एका पक्षकारानं तुला कोर्टाच्या पायऱ्यांवर गाठून विचारलं होतं, वकीलसाहेब, तो ठशाचा कागद जपून ठेवला ना?

मी उभा राहिलो. तोंड उघडलं. काही आलं नाही. दोन मिनिटं तसाच उभा. लोकांना वाटलं मी मौन पाळतोय, म्हणून तेही उठले. सभा संपताना अध्यक्षांनी पुन्हा मौन पाळायला लावलं. तुझ्या वाट्याला दोन मौनं आली, गड्या. एक रिवाजाचं आणि एक माझ्या भीतीचं.

मला जे सांगायचं होतं ते खरं होतं, आणि खरं सांगायची मला सवय नाही. म्हणून हे लिहितोय. तू वाचणार नाहीस, तेवढाच धीर आहे.

आपण एका बाकावर आलो, कारण त्या बाकावर दुसरं कोणी बसायला तयार नव्हतं. तू बाभुळगावच्या गावकुसाबाहेरचा, मी पुसदकडच्या बंजारा तांड्यावरचा. मास्तरांनी मला गाव विचारलं. मी म्हणालो, "गुरुजी, आजाचा बैल जिथं बसला ते माझं गाव." वर्ग हसला, आणि एकदा का कोणी हसलं की माझ्या जिभेला चाकं फुटतात हे तुला त्याच दिवशी कळलं. मी सांगून टाकलं, माझ्या आजाचे लाख बैल होते. मिठाच्या गोण्या लादून निघाले की पुढचा बैल पुसदला आणि मागचा सुरतेला. पैनगंगेवर पाणी प्यायले की पलीकडचा निजामाचा काठ कोरडा पडायचा, आणि निजाम स्वतः हत्तीवर बसून तक्रार घेऊन यायचा. एवढं लटांबर या राज्यातून त्या राज्यात जायचं, पण कोणी आजाला विचारलं नाही की बाबा तू कुठला.

तू कोपरानं ढोसलंस. "नेमके किती?"

"लाख."

"नेमके."

"चाळीस."

"तू पाह्यले?"

"नऊ पाह्यले." मग तू नजर हलवीनास, तेव्हा मी म्हणालो, "त्यातले दोन शेजाऱ्याचे."

अकरा वर्षांचा होतास, आणि तेव्हाच वकील. पुढं आयुष्यभर आपला हाच खेळ. मी फुगवायचं आणि तू टाचणी घेऊन यायचं. माझी याडी, माझी माय, गेली तेव्हा तू तांड्यावर आलास, तीन दिवस आमच्यात बसलास, आमच्या ताटात जेवलास. मी सगळ्यांना सांगत होतो की याडी शंभर वर्षांची होती. तू माझ्या पाठीवर हात ठेवून हळू आवाजात विचारलंस, "नेमकी किती, हरसिंग?" आणि मी साठ म्हणालो आणि रडलो. शंभरावर मला रडू आलं नव्हतं. खरा आकडा सांगितला आणि बांध फुटला. तुझ्या टाचणीला औषधासारखा गुण होता, हे मी तुला कधी बोललो नाही. आता बोलतो.

तू नागपूरला जाऊन वकील झालास. मी मॅट्रिकला इंग्रजीत असा आपटलो की आवाज बाभुळगावपर्यंत गेला. मग कचेरीच्या टिनाच्या शेडखाली लाकडी पेटी मांडून बसलो. दौत, टाक, परवान्याचा नंबर. अर्जनवीस.

आमच्या शेडचा एक रिवाज होता. अर्ज कशाचाही असो, बंदुकीच्या परवान्याचा असो की बांधावरच्या भांडणाचा, सुरुवात गुन्हा कबूल करण्यानं. मायबाप सरकार, अर्जदार अज्ञान आहे, अपराधी आहे, वाट चुकलेलं लेकरू आहे, पदरात घ्यावं. पाप जेवढं मोठं, तेवढा साहेब मऊ. ही विद्या आम्ही बापजाद्यांकडून नाही, तर एकमेकांच्या पेटीकडं चोरून बघून शिकलो होतो, आणि त्यात माझा हात धरणारा वणीपासून उमरखेडपर्यंत कोणी नव्हता. माझा एक अर्ज वाचून तहसीलदाराच्या टेबलाला पाझर फुटला. टेबल सागवानी होतं. पुढच्या पावसाळ्यात त्याला पालवी आली.

छप्पन साल आलं आणि सगळं हललं. तू नागपूरला जाऊन दीक्षा घेऊन आलास, पांढरे कपडे घालून, घरच्या सगळ्यांना घेऊन. त्याच सुमारास नागपूरची राजधानी गेली आणि आपला जिल्हा मुंबई राज्यात पडला. आपण दोघं यवतमाळात जागचे हललो नाही, पण राज्य बदललं, तुझा धर्म बदलला. मी तुला चिडवलं, "महादेव नावाचा बौद्ध कुठं असते का बे? नाव काहून नाई बदललं?"

तू म्हणालास, "सनदेवर महादेव हाये. बदलाचं तर अर्ज करा लागते. अन् मी मेलो तरी माहा अर्ज तुले लिहू देनार नाई."

त्याच दिवसांत नागरिकत्वाचे नवे नियम आले. सिंध सोडून आलेले कापडवाले, हिंग विकणारे काबुली, कराचीला जाऊन परत आलेले आपलेच लोक, सगळे कचेरीच्या दारात. कोण इथला आणि कोण तिथला हे आता कागदावर ठरणार होतं, आणि कागद आम्ही लिहिणार होतो. आम्ही म्हणजे कोण? सात अर्जनवीस आणि दोन नवशिके वकील. परदेशी या शब्दाशी आमचा संबंध एवढाच, की वसुलीला काबुली दारात आला की मागच्या बाजूनं पळायचं.

तुला हे बघवेना. तू नियमांचं इंग्रजी पुस्तक मागवलंस, बसून मराठीत उतरवलंस, कार्बन घालून प्रती काढल्यास. शेवटची प्रत इतकी फिकट की आमचा सगळ्यांत म्हातारा अर्जनवीस ती वास घेऊन वाचायचा. आणि मग सुट्टीच्या दिवशी, कचेरी बंद असताना, कडुलिंबाला फळा टांगून तू आमचा वर्ग सुरू केलास. पन्नाशीची माणसं मांडी घालून बसलेली. चष्मे, पाटीवजा पुठ्ठे, तंबाखूच्या चंच्या. मी पहिल्या दिवशी ओरडलो, "गुरुजी, लघवीले जाऊ?"

तू हसला नाहीस. फळ्यावर चार प्रश्न लिहिलेस. कधी गेला. कशासाठी गेला. घरदार, बायकोपोरं कुठं ठेवून गेला. परत यायचं मनात होतं का.

"हे चार विचाराचे," तू म्हणालास. "तो जे सांगन तेच लिहाचं. त्याच्या बोलीत त्याले वाचून दाखवाचं. मंग अंगठा. पाचवं काही नाई."

मी म्हणालो, "वकील, यानं साहेबाले पाझर फुटन का?"

"साहेब आता पाझरत नाई हरसिंग. साहेब आता वाचते."

सगळे हसले, माझ्यावर. मला ते रुचलं नाही. तू पुढं समजावत होतास की शेडखाली आपण आधी गुन्हा कबूल करतो आणि मग दया मागतो, पण या कायद्यात दयेचा रकाना नाही. इथं गुन्हा कबूल केला की माणूस गेला. मी जांभया देत होतो. मोठ्या आवाजात.

मग तू सरावाला बसवलंस. एकानं अर्जदार व्हायचं, बाकीच्यांनी त्याचा अर्ज लिहायचा. अर्जदार मी. मी सांगितलं की माझा आजा नऊ बैल घेऊन काबूलला गेला, तिथल्या राणीनं त्याला ठेवून घेतला, बैलांना चांदीचे नाल मारले, आणि तो रोज संध्याकाळी पुसदकडं तोंड करून हंबरायचा. आजा, बैल नव्हे. वर्ग लोळत होता. पण लेकांनी लिहिलं काय? तू शिकवलं होतंस तेच. कधी गेला, सांगत नाही. कशासाठी, मीठ विकायला. बायको तांड्यावर. परत यायचं मनात होतं. राणी कोणाच्याच कागदात आली नाही. पुढं माझी पाळी आली, म्हाताऱ्यानं अर्जदार होऊन चार साधी वाक्यं सांगितली, आणि मी त्याची आठ पानं केली.

वर्ग संपला तेव्हा तू सगळ्यांना स्वतःच्या अक्षरात दाखले दिलेस. मलाही दिलास. 'हरसिंग. नापास. कारण, सांगितलेलं लिहीत नाही, आवडलेलं लिहितो.' मी तो शेडच्या खांबाला चिकटवला आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवला, हसत. आतून मात्र असा जळत होतो की त्यावर चहा झाला असता.

आता रहीमचाचा.

तुला तो माहीतच होता, बाभुळगावचा पिंजारी. माझ्या लग्नाची गादी त्यानं भरलेली. कापूस पिंजायची त्याची पिंजण वाजायला लागली की गल्लीतली कुत्री भुंकायची थांबायची, हे मात्र खरं आहे, मी ऐकलंय. फाळणीनंतर तो कराचीला बहिणीकडं गेला, तिकडं रस्ता बंद झाला, बरीच वर्षं अडकला, आणि शेवटी यायला दुसरा मार्ग नव्हता म्हणून तिकडचं पारपत्र घेऊन आला. त्याची बायको खातूनबी इथंच होती, त्याच घरात. आता त्याच्या राहण्याची मुदत संपत आली होती आणि त्याला इथंच राहायचं म्हणून अर्ज करायचा होता. तू त्या दिवशी पुसदच्या कोर्टात. तो माझ्यापुढं येऊन बसला.

मी विचारलं, "काहून गेलता चाचा?"

तो म्हणाला, "बहन बीमार थी भाई. देखने गया. दो महिने का सोचके गया. पिंजण खुंटी पे वैसीच टांगके गया, तांत भी नहीं उतारी."

बघ, महादेव. तुझे चारही प्रश्न त्यानं न विचारता सोडवले होते. हत्यार खुंटीवर टांगलेलं, त्याची तांत, ती आतड्याची दोरी, ताणलेली, म्हणजे परत येऊन लगेच कामाला बसायचं. कायमचा जाणारा पिंजारी पिंजण ठेवून जातो का? पण मला त्या पिंजणीत रडणं दिसेना. आणि शेडमध्ये त्या दिवशी बरीच माणसं होती, सगळी ऐकत होती.

मी लिहिलं, 'अर्जदारानं भुलून हिंदुस्थानास कायमचा रामराम ठोकला, परक्या भूमीस आपली माय म्हटलं, आणि आता पश्चात्तापानं होरपळून, वाट चुकलेल्या लेकरासारखा दारी उभा आहे.' उभा राहून वाचून दाखवलं. चाचाला नाही, शेडला. लोक वाहवा म्हणाले. एकानं पागोट्याच्या शेवानं डोळे पुसले. चाचाला माझ्या मराठीतलं निम्मं कळलं नसेल, पण सूर कळला. तोही रडला. म्हणाला, "क्या लिखा हरसिंगभाई! मेरेकू मालूमच नहीं था के मैं इतना रोया."

आणि अंगठा दिला.

उत्तर यायला सहा महिने लागले. अर्ज नामंजूर. अर्जदार स्वतःच लिहितो की तो देश कायमचा सोडून गेला होता. बस. त्याचे अश्रू, त्याचा पश्चात्ताप, वाट चुकलेलं लेकरू, यांचा उल्लेखही नव्हता. साहेबानं वाचलं होतं.

चाचा तो कागद घेऊन तुझ्याकडं आला, आणि तू त्याला घेऊन माझ्याकडं आलास. पानठेल्याच्या मागं आपण तिघं उभे होतो, भर दुपारी, डांबर चपलेला चिकटत होतं. तुझ्या हातात माझा अर्ज. तू पिंजणीचं त्याच्याकडून पाच मिनिटांत काढून घेतलं होतंस.

"चाचा, हे असं तुम्ही बोलले होते का? कायमचा रामराम?"

चाचानं माझ्याकडं बघितलं. मला वाटलं, आता हा बोलतो. तो म्हणाला, "भाई ने लिखा है तो बोला होऊंगा साब. इनकी जबान मेरेसे अच्छी है."

तू त्याला चहा घ्यायला पाठवलंस आणि माझ्याकडं वळलास. "हरसिंग, एक विचारतो. हे वाक्य तू घातलं असन तर मले सांग. अर्जनविसानं लिहून दिलं, का हे अर्जदाराचे शब्द नाईत, माहे हायेत, तर मी हे प्रकरण उघडतो. पिंजणीची गोष्ट घेऊन जातो. मानूस राह्यते. तुह्या परवान्यावर ताशेरा येईन, मी सांभाळून घेतो. नेमकं सांग."

"त्याच्याच तोंडचं हाये. शब्द न् शब्द."

"नेमकं?"

"नेमकं."

तू टाचणी लावली नाहीस. तू विश्वास ठेवलास. आयुष्यभर माझ्या एका बैलावर विश्वास न ठेवणारा तू, आणि त्याच दिवशी तुला माझा शब्द खरा वाटावा! मी तेव्हा स्वतःला समजावलं की परवान्याची भीती होती, पोटाचा प्रश्न होता. परवान्याचं काय, महादेव, मी पुसदला जाऊन गुळाची आडत केली असती. खरं कारण त्याहून लहान होतं. मी होय म्हणालो असतो तर तू बरोबर ठरला असतास. तो खांबावरचा नापासाचा दाखला खरा ठरला असता. तेवढ्यासाठी.

त्यानंतर तू तीनदा मुंबईला गेलास. मूर्तिजापूरपर्यंत आपल्या छोट्या गाडीनं, जिच्यातून मी एकदा दारव्ह्याला उतरून दाढी करून पुन्हा त्याच डब्यात बसलो होतो. ही गोष्ट मी तुला स्टेशनवर सांगितली, पहिल्या खेपेला, तुला सोडायला आलो तेव्हा. तू म्हणालास, "नेमकी अर्धी दाढी." आणि आपण हसलो. मी तुला सोडायला यायचो, डबा द्यायचो, पेटी उचलायचो. जे एक वाक्य दिलं असतं तर तुला जावंच लागलं नसतं, ते सोडून सगळं दिलं.

दया मागायला तू गेला नव्हतास. तू सरकारी कचेरीत एक एक खोली, एक एक टेबल फिरत होतास की माणसाचं म्हणणं पुन्हा ऐकून घ्या. सगळे म्हणायचे, म्हणणं तर लिहिलेलंच आहे.

चाचाला नेलं तो दिवस. शिपाई बिचारा भला होता, हाताला धरलं नव्हतं. खातूनबी दारात. आपण दोघं रस्त्याच्या कडेला, मी नेहमीसारखा बोलायला गेलो, की कराचीच्या गाद्या आता मऊ होतील वगैरे, आणि चाचा घरातून बाहेर आला. खांद्यावर पिंजण. तांत उतरवून गुंडाळलेली, कमरेला बांधलेली.

त्यानं ती बरोबर घेतली होती.

तू म्हणालास, "आता ते वाक्य खरं झालं."

तू कोणाला उद्देशून म्हणालास हे मी आजवर ठरवू शकलो नाही. माझ्याकडं बघत नव्हतास.

त्यानंतरच्या तिसऱ्या खेपेहून आलास तो पिवळाच आलास. डॉक्टर म्हणाले कावीळ, बाहेरचं पाणी. मी म्हणालो, मुंबईचं पाणी आहे, तिथं मासेसुद्धा उकळून पितात. तू हसलास, पण हसणं डोळ्यांपर्यंत पोचलं नाही, डोळे हळदीत बुडालेले. रोज दुपारी मी दवाखान्यात तुझ्या खाटेशी बसायचो. रोज ठरवून यायचो की आज सांगतो. एक दिवस तर पायरीवर उभं राहून पाठ केलं, चार शब्द. आत आलो आणि तुझ्या बायकोला सांगितलं की दवाखान्याच्या फाटकात मला साप आडवा गेला, इतका लांब की मी जेवून परत आलो तरी शेपूट यायचंच होतं.

शेवटच्या आधीच्या दिवशी तू म्हणालास, "काही सांग न बे. बैलाईची सांग."

मी सुरू केलं. लाख बैल, पुढचा पुसदला, मागचा सुरतेला. पैनगंगा आटली. निजाम हत्तीवरून आला. मी सांगत होतो आणि वाट बघत होतो. तू विचारशील, नेमके किती. मग मी म्हणेन नऊ, त्यातले दोन शेजाऱ्याचे, आणि त्याच पायरीवरून उतरत, महादेव, मी तेही सांगून टाकेन. मला एक धक्का पाहिजे होता, कोपराचा. तू तो पन्नास वेळा दिला होतास. मी थांबलो. पुन्हा म्हणालो, "लाख बैल होते, महादेव."

तू डोळे मिटलेस. म्हणालास, "असतीन. लाख असतीन."

मला कळलं नाही गड्या, तू मला पास केलंस की सोडून दिलंस. तुला सगळं माहीत होतं म्हणून विचारलं नाहीस, की विचारायचा जोर उरला नव्हता? चाचाचं त्या पानठेल्यामागं बघणं तुझ्या नजरेतून सुटलं असेल यावर माझा विश्वास नाही. मग तू त्याच दिवशी का नाही धरलीस माझी गचांडी? मैत्री म्हणून? मैत्रीसाठी तू चाचाला जाऊ दिलंस असं म्हणू, तर तो तुझ्यावर आळ होतो. तुला माहीत नव्हतं म्हणू, तर मी तुला फसवून मारलं. दोन्हीकडून माझंच तोंड काळं, आणि विचारायला तू नाहीस. आपलं हे एक भांडण असंच राहिलं.

आज सकाळी मी शेडमध्ये जाऊन कागद घेतला. टाक बुडवला. तू शिकवलं होतंस तसं लिहिलं, चार प्रश्न समोर ठेवून. विशेषण एकही नाही. मायबाप नाही, लेकरू नाही. कागद घेऊन कचेरीत गेलो. शिरस्तेदारानं वाचला, चष्मा काढला, मला खुर्ची दिली. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. म्हणाला, "हरसिंगराव, हे कोनत्या कागदाईत लावू आता? अर्जदार हद्दीपार. वकील गेले. प्रकरन बंद. ज्याचं म्हननं हाये त्यानं सही करून नवीन अर्ज द्या लागते. तो कुठून देनार?"

"माहं म्हननं हाये ना."

"तुमचं म्हननं कोनी मागितलंच नाई," तो म्हणाला. चांगल्या मनानं म्हणाला.

परत आलो तर शेडखाली खातूनबी. बाभुळगावहून मोटारीनं आलेली, तू गेल्याचं ऐकून. तुझ्या घरी जाऊन आली होती. माझ्या पेटीसमोर बसली, पदर सावरला.

"हरसिंगभाई, वकीलसाब तो गए. मेरे मियाँ कू वापस लाने का अब तुमीच लिखो. पहले लिखा था न, क्या अच्छा लिखा था, वो जाते वक्त भी याद करते थे. वैसाच लिखो. जरा बढ़ाके."

पलीकडच्या पेटीवरचा म्हातारा मान वर करून बघत होता. खांबावर तुझा दाखला अजून आहे, कडा पिवळ्या पडल्यात. मी घडी केलेला कागद काढला. म्हणालो, भाभी, लिहिलंय, ऐका. आणि तिच्या बोलीत, एक एक शब्द, तुझ्या नियमानं वाचून दाखवलं.

'रहीम पिंजारी बहिणीला बघायला गेला होता. दोन महिन्यांत परत यायचं म्हणून पिंजण खुंटीवर ठेवून गेला. कायमचा गेला हे वाक्य त्याचं नाही, माझं आहे. वकिलानं विचारलं तेव्हा मी खोटं बोललो.'

मी पुढं काही वाचीन म्हणून ती कागदाकडं बघत होती. कागद मी उलटून दाखवला, मागची बाजू कोरी होती.

"बस?" ती म्हणाली. "इतनाच?"